खिशातल्या ग्रिपा

या सगळ्या प्रकरणात धर्मेंद्रला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. मागाहून कोणी म्हणायला नको, की बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती.

पहिला होता बगीच्याचा कारभार. नरखेड तालुक्यात त्याच्या वडिलांचा, मनोहररावांचा, संत्र्याचा बगीचा होता. कोणता बहार धरायचा, पाणी कधी तोडायचं, माल कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा, हे ज्याच्या तोंडून ठरतं तो कारभारी. मनोहररावांचे गुडघे बोलायला लागले होते. येत्या अक्षय तृतीयेला दोन पोरांपैकी एकाच्या हाती कारभार देऊन मोकळा होतो, असं त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं. दुसरी होती रामदासपेठेतल्या ऑफिसातली विभागप्रमुखाची खुर्ची. धर्मेंद्रची कंपनी दवाखान्यांना मशिनी पुरवायची, आणि साहेबांची नजर त्याच्यावर ठरली होती. तिसरी गोष्ट त्याच्या लेखी सगळ्यात गोड होती. या दोन्ही गोष्टी त्याला एकाच खुर्चीत बसून, एसीच्या हवेत, मातीला पाय न लावता मिळणार होत्या.

खर्चाच्या बाजूला त्याने काही लिहिलं नव्हतं. ती बाजू रिकामी दिसली की हुशार माणसाला आपण फार शिताफीने व्यवहार केला असं वाटतं.

धर्मेंद्रची हुशारी अशी, की तो एका वेळी चार कामं करायचा. एका कानात मीटिंग, दुसऱ्या कानात गाव, डोळे लॅपटॉपवर आणि तोंडात डब्यातली भाजी. त्या भाजीत मीठ होतं की नव्हतं, हे त्याला संध्याकाळी विचारलं तर सांगता यायचं नाही. घाईत एका दवाखान्याचं कोटेशन दुसऱ्याच दवाखान्याला जायचं. मग माफीची एक मेल, मग बरोबर कोटेशनची एक मेल, मग मिळालं का विचारायला एक फोन. एकच काम असं वारंवार केलं, की तितकी कामं झाली, असा त्याचा हिशेब होता. ऑफिसातले लोकही काही कमी नव्हते. त्यांनी त्याला चार हातांचा म्हणायला सुरुवात केली, आणि ते त्याने कौतुक म्हणूनच खिशात टाकलं.

त्याची बायको दिपाली एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. तिचा फोन दिवसभर ड्रॉवरमध्ये बंद. याने तक्रार केली, की ती म्हणायची, "सुई शिरेत असली का मी देवाचाही फोन घेत नाही. तुमचं काय घेऊन बसले?"

"म्हणूनच तू सुईवर राहिली," तो हसून म्हणायचा.

"अन् माह्या हातून आजवर कोणाचा हात सुजला नाही," ती म्हणायची. ती मात्र हसायची नाही.

गावात बगीचा सांभाळायचा तो धाकटा भाऊ गोलू. पाळण्यात गोल होता म्हणून गोलू. आता उन्हाने वाळून काठीसारखा झाला होता, तरी नाव तेच. गोलू संध्याकाळी चहा झाला की बापाजवळ बसायचा. उद्या कोणतं काम, कोणत्या ओळीपासून, त्याला कुदळ लागेल की पाना, सोबत लहानू पाहिजे की एकट्याने भागेल, हे दोघं बोलून ठरवायचे. लहानू हा त्यांचा वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. सकाळी गोलू फोन डब्याच्या पिशवीत टाकायचा, पिशवी विहिरीजवळच्या लिंबाच्या फांदीला अडकवायचा आणि ठरलेलं काम संपेपर्यंत तिकडे पाहायचा नाही. झाडांभोवती पाण्याची आळी करायला घेतली की आळीच. सुकलेल्या फांद्या काढायला घेतल्या की त्याच. मधेच कोणी शेजारी तंबाखू मळत आला, तरी याची कुदळ थांबायची नाही; गप्पा शेजाऱ्याने एकट्याने मारायच्या. दिवस मावळता काम पुरं झालेलं असायचं आणि गोलूला शांत झोप लागायची. धर्मेंद्रच्या भाषेत याला मंद म्हणतात.

"गोलूचा फोन लिंबावर टांगलेला अन् गोलू बगीच्यात. कोण चालवन असा धंदा?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

आता त्या घरातली एक रीत सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

विहिरीवरच्या खोलीत विजेचा जुना लाकडी बोर्ड होता. त्यावर फ्यूजच्या तीन ग्रिपा, पांढऱ्या चिनी मातीच्या, मुठीत मावतील एवढ्या. त्या काढल्या की मोटर मेली. विहिरीत कोणाला उतरायचं असलं, मग ते गाळ काढायला असो की मोटर पाहायला, उतरणाऱ्याने तिन्ही ग्रिपा स्वतः काढायच्या आणि स्वतःच्या खिशात घालायच्या. खुंटीला लावायच्या नाहीत, काठावरच्या माणसाकडे द्यायच्या नाहीत, मग तो सख्खा भाऊ का असेना. मनोहरराव उतरायला लागले की त्यांच्या खिशात त्या एकमेकींवर वाजायच्या, आणि तो आवाज खाली जाईपर्यंत काठावरची माणसं निवांत असायची.

मागल्या दिवाळीच्या सुट्टीत धर्मेंद्रने तिथे मोबाईल स्टार्टर बसवला. त्यात सिमकार्ड. नागपुरातून फोन लावायचा, एक दाबला की मोटर चालू, शून्य दाबला की बंद. शेतीची वीज आली की स्टार्टर स्वतःच निरोप धाडायचा. जुना बोर्ड निघाला, लोखंडी पेटी आली आणि पेटीला कुलूप.

"कुलूप काहून लावून राहिला गा?" मनोहररावांनी विचारलं.

"गोलू मधात मधात मोटर बंद करते बाबा. मग माहं टायमिंग बिघडते."

"त्याले आळं भरलेलं दिसते म्हणून बंद करते तो. तुले तिथून का दिसते?"

"दिसायची गरज नाही. हिशेब लावला हाय मी."

"अन् विहिरीत उतरायचं काम पडलं त?"

"मले फोन करायचा. मी बंद ठेवीन."

मनोहररावांनी कुलपावर बोट टेकवलं. "म्हणजे माही ग्रिप तुह्या खिशात."

"आता खिसे नाही राहिले बाबा. फोन हाय," धर्मेंद्र म्हणाला.

पेटीची चावी नागपूरला गेली आणि रामदासपेठेच्या फ्लॅटमध्ये दाराशी स्कूटरच्या चावीशेजारी लटकली. ग्रिपाही गेल्या. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये काचेच्या हत्तीपुढे त्याने त्या मांडल्या. पाहुणे विचारायचे. हा सांगायचा, "आमच्या विहिरीवरच्या आहेत. अँटिक."

काम सुरळीत चाललं, असंच म्हणायचं. एकदा सिनेमागृहात बसून त्याने एक दाबला आणि शून्य दाबायचा विसरला. सकाळी बगीच्यातली वाट नाल्यासारखी वाहत होती. गोलूने मातीचे बांध घालून पाणी वळवलं आणि काही बोलला नाही. एकदा पाणी भरायच्या ऐन वेळी साहेबांचा फोन आला आणि खालच्या अंगाच्या ओळी कोरड्या राहिल्या. गोलूने फक्त एवढंच म्हटलं, "दादा, पाण्याचं पाहायचं त तेवढा वेळ पाणीच पाहत जा ना. दुसरं काही नको करू."

"तुह्यासारखं करत बसलो त दिवसाले एक काम होईन माहं."

"एक होईन, पण होईन."

आणि एकदा, थंडीत, गोलू धर्मेंद्रला फोन करून, "दादा, बंद ठेव," सांगून विहिरीत उतरला. मोटरच्या जाळीत अडकलेला पाला तो काढत होता, आणि त्याच्या हाताखाली मोटर सुरू झाली. काही झालं नाही. पाणी ढवळलं, गोलूने हात ओढून घेतला आणि पायऱ्या चढून वर आला. वर आल्यावर त्याने लिंबावरची पिशवी काढली. मग त्याने फोन केला.

"दादा, मी आत होतो."

"हो गा, एका फोनच्या भानगडीत दाबल्या गेलं. लागलं का काही?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग?'ला गोलूकडे उत्तर नव्हतं. धर्मेंद्रने तो प्रसंग मनातल्या मनात जमेच्या बाजूला लिहून टाकला. इतकं होऊनही काही झालं नाही, म्हणजे व्यवस्था पक्की आहे. माणूस आपल्या चुकीतून शिकतो असं म्हणायची पद्धत आहे. न फुटलेल्या चुकीतून माणूस काय शिकतो, हे कोणी विचारत नाही.

गोलूने मात्र ते त्या संध्याकाळी चहानंतर बापाला सांगितलं.

अक्षय तृतीया तोंडावर आली होती. ऊन असं, की दुपारी रामदासपेठेत कुत्रीसुद्धा एटीएमच्या दाराशी येऊन पडायची. बगीच्यात आंबिया बहाराची फळं सुपारीएवढी झाली होती. या दिवसात पाणी चुकलं की ती टपाटप गळतात. आणि नेमका विहिरीतल्या केबलचा जॉइंट गेला; तारा हाताने सोलून पुन्हा जोडायच्या होत्या.

त्याच सकाळी धर्मेंद्रची मुंबईच्या वरिष्ठांशी लॅपटॉपवर मीटिंग होती. खुर्ची कोणाला, ते त्यात ठरणार होतं. तो तयारीत होता. एका कानात मीटिंग, समोर विक्रीचे आकडे, बाजूला दुसऱ्या फोनवर संत्रा बर्फीची ऑर्डर. खुर्ची अजून मिळाली नव्हती, पण वाटायची बर्फी वेळेवर आलेली बरी. अशात गोलूचा फोन आला. तो त्याने मोकळ्या कानाला लावला.

"दादा, केबलचा जॉइंट गेला. लाईन याले अजून टाइम हाय, तेवढ्यात विहिरीत उतरून—"

"हो हो. बंदच आहे. उतर."

"ऐकून त घे. बाबा म्हणते का—"

"गोल्या, मीटिंग सुरू हाय. बंद ठेवतो म्हटलं ना एक डाव. उतर."

त्याने फोन ठेवला.

इथपर्यंत त्याचा शब्द खरा होता, आणि ते त्याच्या बाजूने मांडायलाच पाहिजे. बंद ठेवायचं त्याने मनापासून ठरवलं होतं. चहाचा कप त्या फोनवर उपडा घातला असता तरी काम भागलं असतं. फोन टेबलाच्या खणात टाकला असता तरी भागलं असतं. पण त्याने ती गोष्ट डोक्यात ठेवली, आणि डोक्यात आधीच विक्रीचे आकडे, मुंबईचे साहेब आणि अर्धा किलोचे डबे घ्यायचे की पाव किलोचे, ही मंडळी दाटीवाटीने बसली होती. सगळ्यात शेवटी आलेल्याला दारात उभं राहावं लागलं.

साहेबांनी काहीतरी विचारलं. धर्मेंद्र आकडे शोधायला लागला. मिठाईवाल्याने विचारलं, डब्यावर नाव टाकायचं का. त्याने टाइप केलं, टाका. तेवढ्यात फोन किणकिणला: थ्री फेज सप्लाय आला आहे.

हा निरोप दिवाळीपासून रोज यायचा, आणि रोज त्याचा अंगठा त्याला उत्तर द्यायचा. अंगठ्याला आता डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती. धर्मेंद्र तोंडाने साहेबांना सांगत होता, "सर, मागच्या तिमाहीपेक्षा आपण पुढे आहोत," आणि अंगठ्याने नंबर लावून एक दाबला.

"मोटर चालू झाली आहे," बाईच्या गोड आवाजात फोन म्हणाला.

थोड्याच वेळात तीच बाई म्हणाली, "ओव्हरलोड. मोटर बंद झाली आहे."

धर्मेंद्रच्या कपाळाला आठी पडली. गोल्याने जॉइंट कच्चाच मारलेला दिसतो, असं त्याच्या मनात आलं. म्हणजे त्याला जॉइंट आठवला. उतरलेला माणूस आठवला नाही.

त्याने पुन्हा एक दाबला.

"मोटर चालू झाली आहे." आणि मग, "ओव्हरलोड."

मुंबईचे साहेब बोलायला लागले होते. विभागाला असा माणूस पाहिजे, जो सगळ्या आघाड्या एकदम सांभाळेल. एका वेळी एकच गोष्ट बघणाऱ्यांचे दिवस गेले आता. धर्मेंद्र ऐकता ऐकता मान हलवत होता, आणि त्या हलत्या मानेतच दारात उभी असलेली ती गोष्ट आत आली. उतर. मीच म्हटलं, उतर.



त्याने टेबलाखाली गोलूचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. ती कुठे वाजते आहे, हे त्याला दिसत होतं: लिंबाच्या फांदीवर, डब्याच्या पिशवीत. कामाला लागलेला गोलू फोन उचलत नाही. यावर त्याने कितीतरी वेळा माणसं हसवली होती. आता तो मनातल्या मनात म्हणत होता, कामातच आहे तो, कामातच असेल. लॅपटॉपवर टाळ्या वाजल्या. कोणीतरी म्हटलं, "अभिनंदन धर्मेंद्र. दोन शब्द बोला." त्याने म्यूट काढलं, "थँक यू सर," म्हटलं, म्यूट लावलं आणि पुन्हा नंबर लावला.

या वेळी फोन उचलला गेला.

"भाऊ, लहानू बोलतो."

"गोलू कुठी हाय?" धर्मेंद्रने विचारलं.

"गोलूभाऊ इथीच हाय. पेटीचं कुलूप फोडून राहिले होते गोट्यानं. आता फुटलं."

गोलू वर आहे. एक श्वासभर धर्मेंद्रला इतकं हलकं वाटलं, की तो खुर्चीत मागे टेकला. पुढचा प्रश्न त्याने जवळजवळ सहज विचारला.

"मग विहिरीत कोण उतरलं?"

मागे दगड जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग कोणीतरी पायऱ्या उतरू लागलं.

"लहानू, कोण उतरलं?"

"बाबा उतरले भाऊ," लहानू म्हणाला.

घरून निघताना त्याने दाराशी लटकलेली पेटीची चावी घेतली. काहून घेतली, हे त्याला सांगता आलं नसतं. काटोलच्या रस्त्याला लागल्यावर फोन वाजायला लागला. ऑफिसातले लोक अभिनंदन करत होते, आणि मिठाईवाला डबे कुठे पोचवू म्हणून विचारत होता. तो दर वेळी एक हात स्टिअरिंगवरून काढायचा. दिपालीने त्याच्या हातातून फोन घेतला आणि बंद करून पर्समध्ये टाकला.

"गाडी चालवून राहिले ना? मग गाडीच चालवा."

गावापर्यंत ती दुसरं काही बोलली नाही. एकदाच, कापसाच्या एका ट्रकमागे थांबावं लागलं तेव्हा, तिने समोर पाहत विचारलं, "त्या वेळी तुम्ही काय करून राहिले होते?"

"मीटिंग होती."

"अन्?"

ट्रक हलला. धर्मेंद्रने गिअर टाकला.

गावाने कोणाला फार विचारलं नाही. लोक म्हणाले, मशीनचा भरवसा नसतो. लाईन अवेळी आली असेल, असंही कोणी म्हणालं. धर्मेंद्रने दोन्ही गोष्टी खोडल्या नाहीत. कोणी त्याच्याकडे पाहून मान हलवली, की तोही हलवायचा. स्टार्टरचाच बिघाड, असं तेराव्याच्या पंगतीत एका पाहुण्याने त्याच्यासमोर दुसऱ्याला समजावून सांगितलं, आणि याने त्याच्या पानात भात वाढला.

तेरावं झाल्यावर दोघं भाऊ विहिरीवर गेले. बगीच्यात झाडांखाली गळलेल्या फळांचा हिरवा सडा पडला होता. पेटीचं कुलूप फुटून कडीला लोंबत होतं.

"मी म्हटलं होतं कुलूप फोडतो म्हणून," गोलू सांगायला लागला. त्याचा आवाज चढला नव्हता. "बाबा म्हणे, घरच्या पोराचं कुलूप काहून फोडायचं? मी म्हटलं मग मी उतरतो. त म्हणे, तुह्यावर एक डाव बेतलं हाय, तू वर राय. त्याच्या हाती कारभार द्यायचा का नाही ते मले ठरवायचं हाय. त्याचा शब्द टिकते का ते मीच पाहतो. हेच सांगून राहिलो होतो तुले फोनवर."

धर्मेंद्र लोंबतं कुलूप कडीतून काढायला लागला.

"उतरताना त्यांनी खिसा चाचपला," गोलू म्हणाला. "सवयीनं. रिकामा होता. माह्याकडे पाहून हसले जरासे."

लिंबावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला.

"पेटीत खट वाजलं तेव्हा मी समजलो, चुकून दाबल्या गेलं. चूक होते माणसाच्या हातून. मी गोटा घेऊन धावलो." गोलूने पहिल्यांदा वर पाहिलं. "दुसऱ्यांदा काहून दाबलं गा दादा?"

या प्रश्नालाही एका जुन्या 'मग?'सारखं उत्तर नव्हतं. फरक इतकाच, की ते नसणं आता धर्मेंद्रच्या बाजूला होतं.

संध्याकाळी नातेवाइकांसमोर कारभाराचा विषय निघाला. धर्मेंद्र म्हणाला, आत्ता राहू द्या. गोलूनेच हात वर केला. "दादाकडेच राहू द्या. बाबा त्याच्या शब्दावर उतरले होते. म्हणजे त्यांनी त्यालेच देला." सगळ्यांना ते फार मोठ्या मनाचं वाटलं. एका आत्याने डोळे पुसले. दिपाली उठून आत गेली.

मग गोलूने एकच गोष्ट मागितली. "बोर्डावरच्या तीन ग्रिपा तुह्या शोकेसमध्ये हायेत. त्या धाडून दे." पुढल्या एसटीने त्या आल्या. जुना बोर्ड आता नाही, त्यामुळे त्या कुठे लागत नाहीत. गोलू त्या सदऱ्याच्या खिशात घालून फिरतो. बगीच्याच्या वरच्या अंगाला काम करतो, विहिरीकडे येत नाही. पण तो कुठल्या ओळीत आहे, हे वाऱ्यावर येणाऱ्या त्या आवाजावरून लहानूला कळतं.

आता बेरीज. विहिरीची मोटर दुसरी बसली, स्टार्टर तोच राहिला. धर्मेंद्रला खुर्ची मिळाली. कारभार मिळाला. गावी राहावं लागत नाही, मातीला पाय लागत नाहीत. जे जे मांडलं होतं, ते ते सगळं त्याच्या पदरात पडलं. रोज सकाळी फोन किणकिणतो, थ्री फेज सप्लाय आला आहे, आणि तो हातातलं सगळं बाजूला ठेवून, लॅपटॉप मिटून, त्या एका ओळीकडे पाहत बसतो. एवढा वेळ तो दुसरं काही करत नाही. मग लहानूला फोन लावून विचारतो, विहिरीत कोणी नाही ना. लहानू नाही म्हणतो. तो पुन्हा विचारतो.

खर्चाची बाजू त्याने कोरी सोडली होती; त्याच्या हातून ती अजूनही कोरीच आहे. ती भरली मनोहररावांनी, एका दमात. आणि उरलेली गोलू भरतो आहे, खिसा वाजवत, रोज.